पाकीट फेकू नको

परवा भाचा आला. हातात नोटीस होती. पाण्याचा तांब्या बाजूला सरकवून म्हणाला, "मामा, गाळ्याचा करार संपवलाय त्यांनी. महिन्याभरात खाली करा म्हणताहेत. अपील कुठं करायचं तेवढं सांगा."

मी म्हटलं, "आधी पाकीट दाखव."

"कसलं पाकीट?"

"नोटीस ज्यात आली ते."

"ते तर तेव्हाच फेकलं असेल. त्यात काय होतं मामा?"

त्यात तारीख होती, बापू. नोटिशीवर वकील लिहितो ती त्याची तारीख. पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतो ती तुझी तारीख. नोटिशीचे दिवस तुझ्या हातात कागद पडला तिथून मोजायचे असतात. पोस्टाचं ट्रॅकिंग आता मोबाइलवर दिसतं हे खरं, पण ते जन्मभर तिथं राहत नाही.

मी आधी धुळ्याला आणि नंतर जळगावला वकिलाचा कारकून म्हणून उमर घातली. वकिली केली नाही, पण दाव्यांचे गठ्ठे बांधले, नकला काढल्या, बेलीफाच्या मागं फिरलो. माझ्या पाहण्यात भाडेकरू कायद्यानं हरले त्यापेक्षा जास्त कॅलेंडरानं हरले. धुळ्याला ज्यांच्या हाताखाली शिकलो ते साक्रीकडचे बुजुर्ग कारकून म्हणायचे, "कागद बोलस, तोंड नही." पक्षकार तासभर बोलला की ते फक्त हात पुढं करायचे. कागद दे.

तर आधी हे ऐक. नोटिशीवर अपील नसतं. अपील असतं हुकमावर. नोटीस म्हणजे समोरच्याचं म्हणणं, त्यानं वकिलाच्या कागदावर लिहून पाठवलं इतकंच. तिच्यावर तारीख उलटली म्हणून दुसऱ्या दिवशी तुझं सामान कुणी रस्त्यावर टाकू शकत नाही. त्यासाठी दावा, निकाल आणि मग त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त लागते. मालकानं परस्पर कुलूप ठोकलं तर पोलीस "ही दिवाणी बाब आहे" म्हणून हात वर करतील. त्यावर चिडत बसू नको. बेकायदा ताबा काढून घेतला तर सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली नुसता ताबा परत मागता येतो, आणि तिथं मालकी कुणाची हा प्रश्न निघत नाही. नळ तोडला, वीज कापली तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ आहे, तो गुन्हाच आहे. पण सहा महिने म्हणजे सहा महिने.

नोटिशीला उत्तर मात्र द्यायचं. गप्प बसलं की समोरचा पुढं कोर्टात म्हणतो, यांना सगळं कबूल होतं. उत्तर थोडक्यात, रागाचा एक शब्द नको. आणि एक चूक चुकूनही करू नको, "तू मालकच कोण?" असं लिहू नको. म्हातारा मालक वारला, पोरांत वाटणी झाली नाही, कुणाला भाडं द्यायचं कळत नाही, ही अडचण खरी असते. मग तेच लिही: वारस कोण ते कागदानं कळवा, भाडं तयार आहे. मालकीच नाकारलीस की ज्या फांदीवर बसलास तीच तोडलीस.

यानंतर मी प्रत्येकाला विचारतो, तू कुठल्या दाराचा भाडेकरू? भाडेकरू सगळे सारखे वाटतात, पण दारं तीन आहेत आणि एका दाराची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

पहिलं दार जुन्या भाडेकरूचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० ला. त्याआधी आपल्याकडं १९४७ चा मुंबईचा भाडेकायदा होता. या कायद्यात मालकाला "करार संपला" एवढंच सांगून भागत नाही, कलम १५ किंवा १६ मधलं एखादं कारण सिद्ध करावं लागतं: भाडं थकलं, पोटभाडेकरू ठेवला, लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, सहा महिने जागा वापरलीच नाही, मालकाला स्वतःला गरज आहे, वगैरे. दावा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडं चालतो आणि अपील जिल्हा न्यायालयात, ३० दिवसांत. हा कायदा मात्र सरसकट प्रत्येक खेड्याला लागू नाही, त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांना आहे. गावाकडची जागा असेल तर आधी तेवढं बघून घे.

दुसरं दार अकरा महिन्यांचं, लिव्ह अँड लायसन्स. इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. राहण्यासाठी घेतलेल्या जागेची मुदत संपली की मालक साध्या कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडं जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन "मला बाजू मांडू द्या" अशी परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर तुझं ऐकायच्या आधीच प्रकरण संपतं. आणि त्या हुकमावर अपील नाहीच. आहे ते पुनरीक्षण, ९० दिवसांत, शासनाकडं. आपल्याला त्यासाठी नाशिक विभागात जावं लागतं. मुदत संपूनही बसून राहिलास तर दुप्पट शुल्क मोजावं लागतं. "खरं तर मी जुना भाडेकरू, अकरा महिन्यांचा कागद नावापुरता केला" हे तिथं फार चालत नाही, कारण तो लेखी करारच निर्णायक पुरावा धरतात. सही करताना वाचलं नाहीस, त्याचं बिल असं येतं. दुकानाच्या लायसन्सला मात्र ही तरतूद नाही, त्याचा रस्ता वेगळा, तो वकिलाला विचार.

तिसरं दार महापालिकेच्या गाळ्याचं. जळगावात हे दार कुणाला दाखवायला लागत नाही. फुले मार्केट, सेंट्रल फुले मार्केट आणि बाकीची पालिकेची संकुलं, यांतल्या बहुतेक गाळ्यांचे करार २०१२ साली संपले. दुकानं चालूच राहिली. महापालिकेला लिलाव हवा होता, गाळेधारकांना जुनाच करार पुढं चालवून हवा होता. मग वाढीव भाडं, त्यावर पाचपट दंड, लाखांत गेलेली बिलं, मोर्चे, बंद, मुंबईच्या फेऱ्या. २०१७ साली औरंगाबाद खंडपीठाचा निकाल गाळेधारकांच्या विरुद्ध गेला आणि पुन्हा नोटिसांचा पाऊस पडला. राज्यानं २०१९ साली महापालिकांच्या मिळकती भाड्यानं देण्याचे नवे नियम काढले तेव्हा बाजारमूल्याच्या आठ टक्क्यांवर सगळ्या महाराष्ट्रातून ओरड झाली. बापाच्या नावानं गाळा घेतलेली पोरं या भानगडीत पन्नाशीला आली.

त्या काळात माझ्याकडं गाळेवाले रोज यायचे. प्रत्येकाला वाटायचं भाडे नियंत्रण कायदा आपल्याला वाचवेल. पण स्थानिक संस्थेच्या जागेला तो कायदा लागूच नाही, कलम ३ मध्येच वगळलंय. तिथं चालतो महापालिका अधिनियम, त्यातलं ८१ ब आणि ८१ क. एकानं जागा खाली करून घ्यायची, दुसऱ्यानं थकबाकी आणि नुकसानभरपाई वसूल करायची. बाजारात त्याला "एक्याऐंशीची नोटीस" म्हणतात. महापालिकेच्या सतरा मजली इमारतीत बसलेला आयुक्तच नोटीस देतो, तोच ऐकतो, तोच हुकूम काढतो. त्यावर अपील थेट जिल्हा न्यायाधीशाकडं, महिन्याभराच्या आत.

म्हणून एक्याऐंशीच्या नोटिशीचं उत्तर हीच तुझी कैफियत, म्हणजे लेखी बचाव समज. किती भरलं, कधी भरलं, मोजमाप चुकलंय का, बिलात दंड कुठल्या ठरावानं लावला, सुनावणीला बोलावलं का, हे सगळं त्या उत्तरात पावत्यांसकट हवं. तिथं जे लिहिलं नाही ते अपिलात नव्यानं काढलं की न्यायाधीश विचारतात, हे आधी का नाही सांगितलं? लोकांनी काय केलं? संघटनेनं छापून दिलेल्या एकाच मजकुरावर नाव-नंबर टाकून सह्या केल्या. ज्याची एक पैही थकली नव्हती त्यानंही. मोर्चा संघटनेचा असतो, अपील ज्याचं त्याचं.

आता भाच्याकडं वळतो. त्याचा गाळा खाजगी, म्हणजे पहिलं दार. नोटिशीत दोन कारणं: भाडं थकलं आणि मालकाच्या मुलाला दुकान टाकायचंय.

थकबाकीचं विचारलं तर म्हणाला, "मामा, मी कुठं थकवलं? म्हातारा मालक गेला, पोरगा घ्यायलाच तयार नाही. चार महिने झाले. मी म्हटलं बरं झालं."

बरं झालं! भाडं घेत नाही म्हणजे जाळं टाकलंय, एवढं कळू नये? मालक घेत नसेल तर भाडं पाठवायचं. आधी मनिऑर्डर असायची, कूपनवर महिना लिहायचा. आता बँकेत टाक, खातं माहीत नसेल तर चेक आणि दोन ओळींचं पत्र स्पीड पोस्टानं. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर ते फोडायचं नाही. जसं आलं तसं ठेवायचं. साक्षीच्या वेळी न्यायाधीशासमोर ते बंद पाकीट फोडतात ना, तेव्हा आत निघालेला चेक दहा साक्षीदारांचं काम करतो. धुळ्याला पाचकंदीलजवळच्या एका दुकानदाराची अशी अठरा बंद पाकिटं मी स्वतः यादी करून दाखल केली होती. मालकाच्या वकिलानं उलटतपासात थकबाकीचं नावसुद्धा काढलं नाही.

भाच्याचं अजून बिघडलेलं नाही. थकबाकीची लेखी मागणी मिळाल्यापासून ९० दिवस गेल्याशिवाय दावाच लावता येत नाही. नोटिशीत महिना लिहिला म्हणून कायद्यातले नव्वद दिवस तीस होत नाहीत. दावा लागलाच तर समन्सपासून ९० दिवसांत सगळी बाकी, १५ टक्के साधं व्याज आणि दाव्याचा खर्च भरला की त्या कारणावर घालवता येत नाही. पण मग निकाल लागेपर्यंत दरमहा भरत राहायचं. लोक एकदा भरतात आणि विसरतात. कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्या नाझराकडची पावती दर महिन्याची हवी.

दुसरं कारण अवघड, मालकाची गरज. इथं कोर्ट दोन्हीकडचा त्रास तोलतं: जागा दिली तर भाडेकरूचं किती बिघडतं, नाही दिली तर मालकाचं किती. मी भाच्याला म्हटलं, आजपासून दुसरा गाळा शोधायला लाग. तो दचकला. "मामा, शोधायला गेलो की मालक म्हणेल हा निघालाच."

उलटं आहे. "मला दुसरीकडं जागा मिळत नाही" हे नुसतं म्हणून चालत नाही. उलटतपासात पहिला प्रश्न तोच येतो, किती ठिकाणी शोधलं? तिथं "नाही शोधलं" म्हणालास की त्रासाचं पारडं रिकामं झालं. नवी पेठेत विचारलं, बळीराम पेठेत विचारलं, डिपॉझिट किती सांगितलं, कुठल्या तारखेला, वहीत लिहून ठेव. मोबाइलवरचे मेसेज ठेव. मालकाच्या दुसऱ्या जागा कुठं रिकाम्या आहेत तेही बघ, त्यांचे उतारे काढ. आणि हे लक्षात असू दे, अर्ध्या जागेत मालकाचं भागत असेल तर तेवढ्याच भागाचा हुकूमही होऊ शकतो. कितीतरी वकील हे मागतच नाहीत.

न वापरलेल्या जागेचं एक सांगतो, कारण ते खानदेशात फार होतं. धुळ्याच्या देवपुरातलं एक कुटुंब पोटासाठी सुरतला गेलं. खोलीला कुलूप, भाडं नेमानं बँकेत. त्यांना वाटलं भाडं जातंय म्हणजे जागा आपली. मालकानं वीज मंडळाची बिलं काढली, महिनोन्‌महिने रीडिंग जिथल्या तिथं. सहा महिने विनाकारण बंद ठेवली की ते एक कारणच भाडेकरूला घालवायला पुरतं. अपिलात आम्ही आजारपण, पोरांची शाळा, सगळं सांगायचा प्रयत्न केला, पण खालच्या कोर्टात त्याचा एक कागद नव्हता. जिल्हा न्यायालय नवा पुरावा सहजासहजी घेत नाही. अपील म्हणजे दुसऱ्यांदा दावा नव्हे.

समज, निकाल विरुद्ध गेला. त्या दिवशी रडायचं ते घरी. कोर्टातून निघायच्या आधी दोन कामं. एक, त्याच न्यायाधीशापुढं अर्ज: अपील करायचंय, तोवर हुकमाला स्थगिती द्या. अपिलाची मुदत संपायच्या आत हे त्याच कोर्टाला देता येतं. दुसरं, नकलेचा अर्ज, त्याच दिवशी. नकलेच्या शेवटच्या पानावर शिक्का असतो: अर्ज कधी दिला, नकल तयार कधी झाली, दिली कधी. नकल तयार व्हायला लागलेला वेळ तीस दिवसांत धरत नाहीत. पण अर्ज पंचविसाव्या दिवशी दिलास तर तुझ्याकडं उरले पाचच. आणि तयार झालेली नकल आठ दिवस न्यायलाच गेला नाहीस तर ते आठ दिवस तुझेच. मुदत मे महिन्याच्या सुट्टीत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, पण त्यावर विसंबून राहू नको. उन्हाळ्यात बेलीफ येत नाही असं कुणी सांगितलं?

आणि अपील दाखल केलं म्हणजे हुकूम थांबला, असं मुळीच नाही. हा गैरसमज मी शिकलेल्या माणसांतही पाहिला. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि हल्ली ती फुकट मिळत नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सुपर मॅक्स कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की महाराष्ट्राच्या भाडेकायद्यातही स्थगिती देताना बाजारभावानं रक्कम भरायची अट घालता येते. म्हणजे दोनशे रुपये भाड्याची जागा अपिलाच्या काळात महिन्याला काही हजारांना पडू शकते. घरी बसून हिशेब कर: ती रक्कम किती महिने पेलशील? धंदा तेवढा देतो का? नसेल तर अपील हे दुखणं वाढवण्याचं औषध आहे. मालकानं आधीच कॅव्हेट, म्हणजे "मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका" असा अर्ज, टाकली असेल तर स्थगितीच्या वेळी त्याचा वकील समोर उभा असणार हेही गृहीत धर.

जिल्हा न्यायालयाच्या वर दुसरं अपील नाही. पुनरीक्षण किंवा रिट, ते औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, खंडपीठात. जळगावहून अजिंठ्याचा घाट, धुळ्याहून कन्नडचा घाट. मी एसटीनं दोन्ही घाट इतके पालथे घातले की वळणं पाठ झाली. तिथं साक्षीपुरावे पुन्हा चाळत नाहीत, खालच्या कोर्टानं कायद्यात ढोबळ चूक केली का तेवढं बघतात. बहुतेकांना तिथून जागा नाही, मुदत मिळते: सहा महिने, वर्ष, हमीपत्र लिहून दिल्यावर. ते हमीपत्र मोडलं तर मग भाड्याचा प्रश्न राहत नाही, अवमानाचा होतो.

माझं मत विचारशील तर मुदतच हवी असेल तर ती खालीच, समोरासमोर बसून घे. कोर्टात द्यायची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, लिहा: अमुक तारखेला खाली करतो, तोवर भाडं अमुक, डिपॉझिट परत, फर्निचरचे इतके. त्यात कमीपणा नाही. जागा खरंच वाचण्यासारखी असेल, पावत्या तुझ्याकडं असतील, मालकाची गरज पोकळ असेल, तर मात्र शेवटपर्यंत लढ. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील मोफत मिळतो. बाईमाणसाला तर उत्पन्नाची अटही नाही. विधवा भाडेकरणीनं दागिना मोडून वकील लावलेला पाहिला की मला वाईट वाटायचं, दोन इमारती सोडून ते कार्यालय असायचं.

पावत्या मालकानं दिल्या नाहीत ही तक्रार नेहमीची. कायद्यानं त्याला द्याव्याच लागतात. करार नोंदवायची जबाबदारीही मालकाचीच आहे, नोंदला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरतात, उलटं सिद्ध होईपर्यंत. हे भांडण लागायच्या आधीच माहीत असायला हवं, पण कोण सांगतो?

भाचा गेला. जाताना त्याच्याकडून चार महिन्यांच्या भाड्याचा चेक आणि पत्र माझ्यासमोर लिहून घेतलं. रात्री नऊला फोन आला. पाकीट सापडलं होतं. भाचेसुनेनं त्याच्या मागच्या बाजूला किराणा लिहून फ्रिजवर लावलं होतं: तूरडाळ, शेंगदाणे, कळण्याचं पीठ, साबण. शिक्का शाबूत, तारीख नोटिशीच्या तारखेनंतर सहा दिवसांची.

म्हटलं, यादी दुसऱ्या कागदावर उतरवून घे म्हणावं, आणि पाकीट घेऊन सकाळी ये. येताना नोटीसही आण, उत्तर लिहायला घेऊ.